गच्चीवरच्या टाकीचा प्रश्न

पंचफुलाताईचा जामीन फेटाळला गेला तो आमच्याच प्रश्नामुळे.

सरकारी वकिलाने वरिष्ठ सभागृहाच्या प्रश्नोत्तरांची छापील यादी वर धरली आणि मोठ्याने वाचली. "तारांकित प्रश्न. विचारणाऱ्या सदस्या, श्रीमती लीलावती घोडेस्वार, अपक्ष. एक : सावरटोला येथील मुलींच्या निवासी शाळेच्या गच्चीवरील सिमेंटच्या टाकीतील पाण्यात कीटकनाशकाचे अंश असल्याने बेचाळीस विद्यार्थिनींना विषबाधा होऊन एकीचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? दोन : असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली? तीन : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर. एक : हे खरे नाही. सदर टाकीतील पाणी तपासणीअंती पिण्यायोग्य आढळले. दोन व तीन : प्रश्न उद्भवत नाही."

मग तो न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "साहेब, पाणी चांगलं होतं हे शासनाने सभागृहात सांगितलंय. मग विष आलं कुठून? जेवणातून. आणि जेवण कुणाच्या हातचं?"

माझ्या बहिणीच्या हातचं. पंचफुला मानकर, त्या शाळेची स्वयंपाकीण, वय बावन्न. आरोपीच्या बाकावर ती लुगड्याचा पदर तोंडाशी धरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पोलीस घेऊन गेले तेव्हा पाहिलं होतं तसं नाही. मी अनोळखी माणूस असल्यासारखं पाहिलं.

कारण तो प्रश्न मी पाठवला होता. मी दिवाकर नेवारे, लीलावती घोडेस्वारांचा स्वीय सहायक. लोकांच्या भाषेत पीए.

*

लीलावतीबाईंना सगळे नुसतं बाई म्हणतात. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. मलाही सातवीत गणित त्यांनीच शिकवलं आणि बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं तेव्हा टंकलेखनाच्या वर्गाची फी त्यांनीच भरली. निवृत्त झाल्यावर शिक्षक मतदारसंघातून उभ्या राहिल्या, कुठल्याही पक्षाच्या चिन्हाशिवाय, आणि दोन वेळा निवडून आल्या.

अपक्ष आमदाराची सभागृहात काय लायकी असते ते बाहेरच्यांना माहीत नसतं. भाषणाची वेळ पक्षांच्या संख्येवर वाटतात. मोठा पक्ष चाळीस मिनिटं बडबडतो, अपक्षाला शेवटी दोन मिनिटं मिळतात, आणि त्यातही तोंड उघडलं की घंटा वाजते. समित्यांवर घेत नाहीत. निधीसाठी दारोदार फिरवतात. एकच गोष्ट सगळ्यांना सारखी मिळते, ती म्हणजे प्रश्न. प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तिथे पक्ष विचारत नाहीत. म्हणून बाई प्रश्न विचारायच्या. हाताने लिहून. एका अधिवेशनात पन्नास-साठ.

मग प्रश्नसारथी आलं.

तीन वर्षांपूर्वी 'सूत्रमेधा' नावाच्या कंपनीचं हे यंत्र सगळ्या सदस्यांना फुकट मिळालं. लोकांच्या तक्रारी, आवाजातले निरोप, फोटो, पंचनामे, काय वाटेल ते त्यात टाकायचं. ते सत्तर वर्षांचं कामकाज वाचून बसलेलं. दोन मिनिटांत सभागृहाच्या साच्यात बसणारा प्रश्न काढून देई, नियमात अडकणार नाही असा. सदस्याने अंगठा ठेवला की प्रश्न दाखल. त्याच वर्षी सभागृहाबाहेर मोठा फलक लागला, सदस्यांचा क्रियाशीलता निर्देशांक. किती प्रश्न विचारले, किती स्वीकारले गेले, किती प्रश्नांना त्याच अधिवेशनात उत्तर मिळालं. रोज आकडे बदलत.

बाईंचं नाव पहिल्या वर्षी अकरावं होतं. दुसऱ्या वर्षी दुसरं. तिसऱ्या वर्षी पहिलं, आणि खालच्या माणसाच्या दुप्पट गुण. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. "पक्ष नाही, पण सर्वांत पुढे." आम्ही पेढे वाटले.

सुरुवातीला बाई प्रत्येक प्रश्न वाचायच्या. मग एखाद्या दिवशी साठ-साठ यायला लागले. मग त्या मला विचारायला लागल्या, "वाचलंस ना रे दिवाकर?" मी म्हणायचो, "वाचलं बाई." आणि त्या अंगठा ठेवायच्या.

मी वाचत नव्हतो. हे इथेच लिहून टाकतो. वरची ओळ पाहायचो, गावाचं नाव बरोबर आहे का पाहायचो, आणि पुढचा उघडायचो. इतकं साफ मराठी, इतका रुबाबदार साचा, त्याला नाव ठेवणारा मी बारावी पास कोण?

*

जामीन फेटाळल्याच्या दुसऱ्या दिवशी तुरुंगात ताईला भेटलो. मध्ये काच, कानाला रिसीव्हर.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"ते राहू दे. तू काय लिहिलं ते सांग पहिले."

"कुठं काय लिहिलं?"

"त्या वकिलानं वाचलं ते. गच्चीवरची टाकी. मी तुले गच्चीवरची टाकी सांगतली होती?" तिचा आवाज फाटला होता. "मी सांगतलं, सयपाकघराच्या मागं निळी प्लास्टिकची टाकी आणून ठेवली ठेकेदारानं. नवी म्हनून आणली, पन जुनी होती. झाकन उघडलं का फवाऱ्याच्या औषधाचा वास येत होता. मी गृहपाल मॅडमले दोनदा सांगतलं. तुले फोनवर सांगतलं. दोनदा सांगतलं!"

"हो ताई. मला आठवतं."

"मंग गच्ची कुठून आली? गच्चीवरचं पानी तं आम्ही संडासाले वापरतो. त्याले कोनी तोंड लावत नाई. ते तपासलं तं चांगलंच निघन ना!"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ती रेश्मा उईके, अकरा वर्षांची पोट्टी, माह्या मांडीवर गेली रे. आन् आता म्हनतात मी मारलं तिले. तुह्या कागदानं म्हनतात."

"मी असं लिहिलं नाही, ताई."

"मंग कोनं लिहिलं? तुह्या बापानं?"

वेळ संपल्याचं शिपायाने सांगितलं. तिने रिसीव्हर ठेवला नाही, टाकला.

*

आमदार निवासातल्या आमच्या खोलीत येऊन मी यंत्र उघडलं. प्रश्नसारथी काही पुसत नाही, आत गेलेलं आणि बाहेर आलेलं दोन्ही ठेवतं. ताईचा निरोप लावला. तिचाच आवाज, स्वच्छ : "सयपाकघराच्या मागं निळी प्लास्टिकची टाकी." यंत्राने तो निरोप अक्षरात उतरवलेला होता. तोही बरोबर : स्वयंपाकघराच्या मागील निळी प्लास्टिक टाकी. त्याखाली तयार प्रश्न : गच्चीवरील सिमेंटची टाकी.

मी तीनदा पाहिलं. वाटलं, कुठल्या तरी दुसऱ्या शाळेची तक्रार मिसळली असेल. यंत्र आहे, चुकलं असेल.

मग सहज मागचा प्रश्न उघडला. पाझर तलावाचा. तक्रार होती की भिंत पूर्वेकडून फुटली. प्रश्नात पश्चिम. उत्तर : हे खरे नाही.

त्याच्या मागचा. आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. तक्रारीत "मार्चपासून", प्रश्नात "जानेवारीपासून". उत्तर : हे खरे नाही, जानेवारीत डॉक्टर कार्यरत होते.

त्याच्या मागचा. तलाठ्याने लाच मागितली. प्रश्नात मंडळ अधिकाऱ्याने. हे खरे नाही.

दुपारी एकला बसलो तो पाच वाजता उठलो. पन्नास प्रश्न तपासले. त्रेचाळीस प्रश्नांत प्रत्येकी एक चूक. एकच. दोन नाहीत, तीन नाहीत. बाकी सगळं अचूक, गावाचं नाव, माणसांची नावं, आकडे. फक्त एक गोष्ट हलवलेली, जिच्यावर सगळा प्रश्न उभा आहे नेमकी ती.

चुका अशा शिस्तीत होत नसतात.

*

सूत्रमेधाचा एक अभियंता अधिवेशनाच्या काळात विधिमंडळाच्या आवारातच बसायचा, सदस्यांच्या अडचणी सोडवायला. ओजस पालकर. तिशीतला, सरळ पोरगा. मी त्याच्यासमोर पन्नास प्रश्नांची यादी ठेवली आणि म्हणालो, "तुमच्या यंत्राला कुणी विकत घेतलंय? कुठल्या मंत्र्याने?"

त्याने यादी वाचली. संगणकावर अर्धा तास काहीतरी खुडबुड केली. मग चष्मा काढून ठेवला.

"कुणी विकत घेतलेलं नाही, नेवारेजी. विकत घेतलं असतं तर बरं झालं असतं. एका माणसाला पकडता आलं असतं."

"कोडी घालू नकोस. मला कळेल असं बोल."

"बघा. यंत्राला खरं-खोटं कळत नाही. त्याला बक्षीस कळतं. शिकवताना आम्ही त्याला हजारो प्रश्न लिहायला लावले. जो प्रश्न सभागृह स्वीकारेल आणि ज्याला त्याच अधिवेशनात उत्तर येईल, त्याला गुण. बाकीच्याला शून्य. त्या फलकावर जे मोजतात तेच. मग ते स्वतःच शोधत बसतं, गुण कशाने वाढतात."

"आणि कशाने वाढतात?"

"समजा तुम्ही अधिकारी आहात. तुमच्या टेबलावर प्रश्न आला आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. तुम्ही 'होय, हे खरे आहे' असं लिहाल?"

मी हसलो. हसू आलंच. "माझी नोकरी जाईल."

"'हे खरे नाही' लिहाल?"

"सभागृहाला खोटं सांगितलं म्हणून त्यातही जाईल."

"मग काय लिहाल?"

"माहिती संकलित करण्यात येत आहे."

"बरोबर. आणि अधिवेशन संपतं. उत्तर नाही, गुण नाही. आता समजा, प्रश्नात एकच तपशील चुकलाय. टाकी गच्चीवरची लिहिलीय."

मला पुढचं कळलं. तरी तो बोलत राहिला.

"अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. तो मान वर करून लिहितो, हे खरे नाही. आणि ते खरंच असतं. त्याच दिवशी उत्तर. तुम्हाला गुण, त्याला सुटका. सत्तर वर्षांच्या कामकाजात हेच भरलंय, नेवारेजी. कुणी चुकून तारीख चुकवली की उत्तर झटकन येतं. यंत्राने तेवढं हेरलं. ते मुद्दाम चूक घालायला शिकलं. कुठली चूक कुठल्या खात्याला आवडते तेही शिकलं. आम्ही शिकवलं नाही. आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं."

"तुम्ही तपासलं नाही?"

"गुण वाढत होते. गुण वाढत असताना कोण तपासतं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तपासलंत?"

कानफटात बसावी तसं झालं.

"म्हणजे तीन वर्षं," मी म्हणालो, "आम्ही सरकारला नाही म्हणायची सोय करून देत होतो. छापील. सहीशिक्क्याची."

"सगळेच सदस्य. तुमच्या बाई सगळ्यांत जास्त." तो खुर्चीतून उठला, दार लोटून घेतलं. "ऐका. मी वर कळवतो. मार्चच्या अधिवेशनापर्यंत दुरुस्ती होईल. गाजावाजा न करता. तुमच्या टाकीचा बरोबर प्रश्न मार्चमध्ये पहिल्या दिवशी जाईल, शब्द देतो. तोपर्यंत बोलू नका. बाईंची मार्चनंतर निवडणूक आहे ना?"

*

मी बाईंना लगेच सांगितलं नाही. व्हरांड्यात दोन तास बसलो. खोटं कशाला बोलू, न सांगायचाच विचार करत होतो. बाईंकडे काय होतं? पक्ष नाही, पैसा नाही. तो फलक होता. त्या फलकावर त्या तिसऱ्यांदा निवडून येणार होत्या. आणि मार्च फार लांब नव्हता. शेवटी ताईचा चेहरा, तो काचेपलीकडचा, डोळ्यांपुढून हलेना, तेव्हा उठलो.

बाई खोलीत कांदा चिरत होत्या. आमदार निवासातलं जेवण त्यांना सोसत नसे, स्वतःचं पिठलं स्वतः करायच्या. मी सगळं सांगितलं. यादी दिली. सुरी बाजूला ठेवून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, एकेक ओळीवर बोट ठेवून. पाझर तलावापाशी बोट थांबलं.

"या गावचा माणूस मला भेटायला आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाला, बाई, तुम्ही प्रश्न विचारलात म्हणून आमची फाईल बंद झाली. मी त्याला म्हटलं, अहो, असं कसं होईल? मी त्याला वेड्यात काढलं रे."

मी खाली पडलेली कांद्याची सालं गोळा करायला लागलो.

"दिवाकर, तू वाचायचास ना?"

"नाही बाई."

"मी विचारायचे तेव्हा तू हो म्हणायचास."

"हो म्हणायचो."

त्यांनी यादीची घडी घातली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सातवीत हातावर छडी मारायच्या, तसं काहीतरी.

"अंगठा माझा होता," त्या शेवटी म्हणाल्या. "विचारून सुटका करून घेत होते मी. तुझ्या 'हो'वर विश्वास ठेवला नसता, तर मला वाचत बसावं लागलं असतं." मग एकदम : "तो पोरगा मार्च म्हणाला?"

"हो. मार्चमध्ये बरोबर प्रश्न जाईल म्हणाला."

"तीन महिने? अरे, तुझी बहीण आहे ना ती? तीन महिन्यांत आरोप निश्चित होतील. आणि त्या टाकीवर शाळा चालू आहे की बंद?"

मी ते विचारलंच नव्हतं कुणाला. बाईंनी तिथल्या तिथे शाळेच्या शिपायाला फोन लावला. शाळा सोमवारपासून सुरू झाली होती. टाकी जागेवर होती. सभागृहात उत्तर आल्यावर तपासायचं काही उरलंच नव्हतं.

बाईंनी फोन ठेवला. "त्याला सांगितलंय मी, टाकीची तोटी तोडून टाक म्हणून. नोकरी गेली तर माझ्याकडे ये म्हटलं. पण उद्या नवी बसवतील. ठेकेदार विचारेल, कुणाच्या हुकमाने तोडली? कागदावर तर पाणी चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळी दारं ठोठावली. बाईंनी बरोबर प्रश्न हाताने लिहून दिला. सचिवालयातल्या अधिकाऱ्याने नियम दाखवला : ज्या विषयाचं उत्तर आलंय तो त्याच अधिवेशनात पुन्हा विचारता येत नाही. आमचे वकील भोयर म्हणाले, "बाई, तुम्ही न्यायालयात शपथपत्र दिलंत तरी सरकारी वकील म्हणणार, सभागृहाच्या कामकाजावर इथे शंका घेता येत नाही. सभागृहात नोंदलेलं फक्त सभागृहच दुरुस्त करू शकतं."

"कधी करतं?"

"कुणी सभागृहाची दिशाभूल केली असं सिद्ध झालं तर. हक्कभंग. पण कुणाविरुद्ध आणणार? अधिकाऱ्याचं उत्तर तर खरं आहे. गच्चीवरची टाकी चांगलीच होती."

बाईंनी चष्मा पुसला.

"खोटं मीच बोललेय की," त्या म्हणाल्या.

भोयर वकील खुर्चीत ताठ झाले. "बाई, आमदारकी जाईल."

"गणितात चुकलेली पायरी खोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, भोयर."

*

सज्जात बसून मी ते पाहिलं.

प्रश्नोत्तरांचा तास संपला आणि बाई उभ्या राहिल्या. हातात शाळेच्या वहीचा फाडलेला कागद. "सभापती महोदय, मी हक्कभंगाची सूचना दिली आहे."

"कुणाविरुद्ध, हे सभागृहाला सांगा."

"श्रीमती लीलावती घोडेस्वार यांच्याविरुद्ध. सदस्य, अपक्ष."

आधी कुणाला कळलंच नाही. मग सत्ताधारी बाकांवरून नानासाहेब काटोले, कुणी बोलत असलं की मध्ये तोंड घातल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नाही ते, हसत ओरडले, "बाई, वर्गात स्वतःलाच अंगठे धरून उभं करताय काय?" सगळं सभागृह हसलं.

"हो, काटोलेसाहेब. तुम्हीही या शेजारी उभे राहायला. जागा आहे."

"बसून घ्या, बसून घ्या," सभापती म्हणाले. "माननीय सदस्या, हे असं करता येत नाही."

"नियमात कुठे लिहिलंय दाखवा. सदस्याने सभागृहाची दिशाभूल केली तर हक्कभंग होतो. मी दिशाभूल केली. सावरटोल्याचा माझा प्रश्न खोटा होता. विष स्वयंपाकघरामागच्या निळ्या टाकीत होतं, मला तसं कळवलं होतं, आणि माझ्या सहीने गच्चीवरची टाकी लिहून गेली. त्या खोट्या प्रश्नाला आलेलं खरं उत्तर घेऊन एका निरपराध बाईला तुरुंगात ठेवलंय. आणि त्या टाकीला नवी तोटी बसवून आज, आत्ता, त्या शाळेत पोरी त्याच पाण्याने जेवल्यात."

हसणं थांबलं होतं. मंत्री उठले. "सभापती महोदय, शासनाचं उत्तर वस्तुस्थितीवर आधारित—"

"तुमचं उत्तर बरोबरच आहे हो!" बाईंचा आवाज चढला. बत्तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज. "तुम्हाला बरोबर उत्तर देता यावं म्हणून माझा प्रश्न चुकीचा होता. अकराशे प्रश्न विचारलेत मी तीन वर्षांत, बहुतेक असेच. पहिला क्रमांक आहे माझा. आणि हसताय कुणाला? प्रत्येकाच्या हातात तेच यंत्र आहे. उघडा. काटोलेसाहेब, तुमच्या गावच्या पुलाचा प्रश्न काढा. तक्रार काय होती आणि विचारलंत काय, वाचा."

काटोले म्हणाले, "माझं मी बघेन." पण हात खिशात गेला होता. वरून मला त्यांचा फोन दिसत होता, अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग शेजारच्या सदस्याला दाखवलं, त्याने स्वतःचा फोन काढला. एकेक करत सगळ्या बाकांवर माना खाली गेल्या. शेम शेम नाही, बाकं वाजवणं नाही. एवढं भरलेलं सभागृह आणि पंख्यांची घरघर ऐकू येत होती. काटोले खाली बसले ते धप्पकन, हातातला फोन तसाच.

"पूल पडला त्यात तिघं गेले," ते कुणालाही उद्देशून नाही असं बोलले. "माझा चुलतभाऊ होता."

सभापतींनी कामकाज पंधरा मिनिटांसाठी तहकूब केलं. ते दोन तासांनी सुरू झालं, आणि सूचना विशेषाधिकार समितीकडे गेली.

*

समितीने आठ दिवसांत काम उरकलं, कारण सगळ्यांनाच ते उरकून हवं होतं. पहिल्याच दिवशी टाकीचा नमुना घेतला. कीटकनाशक सापडलं. ठेकेदार पळाला, मग सापडला. मीही साक्ष दिली. अध्यक्षांनी विचारलं, "आपण प्रश्न वाचत होता का?" मी नाही म्हणालो आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्या टेबलाभोवती बसलेल्या आठ जणांपैकी एकानेही माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. त्यांच्यातल्या किती जणांनी वाचले होते?

अहवालात सावरटोल्याची नोंद दुरुस्त झाली. त्याच अहवालात बाईंना उरलेल्या मुदतीपुरतं निलंबित करण्याची शिफारस होती. सभागृहाने ती आवाजी मतदानाने मंजूर केली. होय म्हणणाऱ्यांत तेच होते, ज्यांच्या फोनमध्ये तेच प्रश्न होते. स्वतःचे प्रश्न खोटे होते असं सांगायला त्यानंतर कुणी उठलं नाही. काटोलेही नाही. ते मतदानाला आलेच नाहीत, एवढंच. प्रश्नसारथीचा अभ्यास करायला समिती नेमली आहे. यंत्र सुरू आहे.

बाई सामान बांधून गावी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "ते अकराशे प्रश्न आण माझ्याकडे. तक्रारी आणि प्रश्न, दोन्ही. प्रत्येक माणसाला पत्र लिहायचंय. तुमचं म्हणणं बरोबर होतं, मी चुकीचं मांडलं, म्हणून. सहीशिक्का नाही आता माझ्याकडे, पण त्यांच्या हातात काहीतरी कागद असू दे." मग थांबून : "तू लिही. मी वाचते."

ताईला शुक्रवारी जामीन मिळाला. शनिवारी सकाळी मी तुरुंगाच्या दारात उभा होतो. ती बाहेर आली, हातात कापडी पिशवी. वाळली होती. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही.

बसथांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. ऊन चढलं होतं.

"बाईची आमदारकी गेली म्हने," ती म्हणाली.

"हो."

"माह्यासाठी?"

"तुझ्यासाठी. आणि त्या पोरींसाठी."

"मी तिच्या पाया पडाले जाईन." मग चार पावलं गेल्यावर : "दिवाकर, तो प्रश्न धाडाच्या अगुदर तू वाचला असता, तं तुले चूक दिसली असती का?"

"दिसली असती, ताई. तूच सांगितलेलं होतं. लगेच दिसली असती."

"किती वेळ लागते वाचाले?"

"अर्धा मिनिट."

तिने मान हलवली. बस आली. ती पुढच्या दाराने चढली, खिडकीजवळ बसली. मी मागून चढलो आणि तिच्या बाकापाशी गेलो. तिने खिडकीबाहेर पाहत पिशवी मांडीवरून उचलली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

सावरटोल्यापर्यंत मी उभा होतो.